तोदोस सांतोस : गुळाच्या गावात चित्रकार कसे आले

नकाशावर मेक्सिकोतले तोदोस सांतोस हे गाव समुद्राला चिकटलेले दिसते आणि पहिल्यांदा जाणारा तिथेच फसतो. खोली घेताना ‘बीच टाउन’ असे वाचलेले असते. सामान टाकून, चपला अडकवून निघाले की कळते, पॅसिफिकची वाळू गावाच्या चौकापासून दोन-अडीच किलोमीटर लांब आहे. मध्ये ताडाची झाडी, आंब्याच्या बागा, मिरचीची शेते आणि धुळीचा कच्चा रस्ता. किनाऱ्यावरचे म्हणवणारे गाव किनारा सोडून आत का बसले, याचे उत्तर पाण्यात आहे. खाऱ्या नव्हे, गोड्या. या गावाच्या तीनशे वर्षांत जे काही घडले किंवा थांबले, ते त्या गोड्या पाण्यामुळेच.

मेक्सिकोच्या वायव्येला बाहा कॅलिफोर्निया हे लांबलचक, निवडुंगाने भरलेले, बहुतांशी कोरडे द्वीपकल्प लोंबते. त्याच्या दक्षिण टोकाजवळ, कर्कवृत्ताला लागून, हे गाव आहे. पूर्वेला सिएरा दे ला लागुना डोंगर, शिखरे दोन हजार मीटरच्या वर. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये वादळे येतात तेव्हा पाऊस तिथे पडतो, डोंगरात मुरतो आणि पश्चिम उतारावर तोदोस सांतोसला झऱ्याच्या रूपाने वर येतो. आजूबाजूला रखरखाट आणि मधोमध हा हिरवा ठिपका.

जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी जवळच्या ला पास इथे १७२० मध्ये मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचे ठाणे, काढले खरे, पण तिथे पिकण्याइतके पाणी नव्हते. म्हणून १७२३ च्या सुमारास हाइमे ब्राव्हो या पाद्र्याने तोदोस सांतोसला ला पासच्या मिशनसाठी शेतीचा तळ टाकला. म्हणजे हे गाव मुळात दुसऱ्या गावाचा मळा होते. १७३३ मध्ये सिगिस्मुंदो तारावालने इथे स्वतंत्र मिशन स्थापले. पुढच्याच वर्षी इथल्या मूळच्या पेरिकू लोकांनी उठाव केला. पाद्र्यांनी त्यांच्या बहुपत्नीत्वावर घातलेली बंदी हे त्याचे एक मोठे कारण. सांतियागो आणि सान होसे इथले पाद्री मारले गेले, तारावाल निसटला. उठाव मोडायला तीन वर्षे लागली. त्यानंतर आलेल्या साथींनी मूळ लोकसंख्या इतकी घटली की १७४८-४९ मध्ये ला पासचे मिशनच इथे हलवले. त्याची देवता ‘पिलारची माता’ हीदेखील सोबत आली. गावाचा उत्सव १२ ऑक्टोबरला असतो तो तिचाच. गावाच्या नावाचा अर्थ ‘सगळे संत’, आणि सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला येतो. त्यामुळे गावजत्रा म्हणून नोव्हेंबरची तिकिटे काढणारे चुकतात.

१७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हद्दपार केले आणि मिशनचा काळ ओसरू लागला. अमेरिका-मेक्सिको युद्धातली या द्वीपकल्पावरची शेवटची चकमकही इथेच, ३० मार्च १८४८ ला झाली. शांततेचा तह २ फेब्रुवारीलाच झाला होता. बातमी पोहोचायची होती, एवढेच.

गावाला खरा पैसा दिला तो उसाने. एकोणिसाव्या शतकात झऱ्याचे पाणी पाटांनी उसाकडे वळले आणि भरभराटीच्या काळात इथे आठ गुऱ्हाळे चालत. त्यांचा शब्द ‘त्रापिचे’, आणि मालाला इथे ‘पानोचा’ म्हणतात, उरलेल्या मेक्सिकोत ‘पिलोन्सियो’. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही : आधी जनावरांनी आणि पुढे वाफेच्या इंजिनाने फिरवलेल्या चरकात ऊस पिळायचा, रस काहिलीत ओतायचा, खाली चिपाडाचा जाळ, वर येणारी मळी काढत राहायची आणि पाक धरला की लाकडी साच्यात ओतायचा. फरक आकारात. कोल्हापुरी ढेप दोन हातांनी उचलावी लागते, इथला गूळ मुठीत मावेल अशा टोक कापलेल्या शंकूचा. तो शुद्ध केलेला नसतो, रंग गडद तपकिरी. मेक्सिकन दालचिनी कॉफीत तोच पडतो. दुकानात घेताना तळ दाबून पाहावा. ओलसर, चिकट लागला तर त्याला दमट हवा लागलेली आहे आणि प्रवासात पाझरणार.

हा माल गावासमोरच्या किनाऱ्यावरून जहाजात चढवता येत नसे. तिथे लाट थेट वाळूवर आपटते, होडी उभी राहत नाही. म्हणून दक्षिणेला, पुंटा लोबोस या भूशिराच्या पलीकडे, टेकड्यांच्या आडोशाच्या छोट्या खाडीतून तो जाई : पुएर्तो आल्गोदोनेस. आज तिथे जुन्या बंदराचे अवशेष आहेत आणि पुंटा लोबोसहून टेकडीवरून पायवाट जाते. वाटेत सावली नाही आणि पाणीही नाही, माणशी दोन लिटर तरी बरोबर हवे. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत परत फिरावे.

गुळाच्या पैशातून गावात जाड विटांच्या भिंती, उंच छत, आत चौक असलेली घरे उभी राहिली. उन्हाळ्यात त्या भिंती दुपारपर्यंत गारवा धरतात. ही घरे पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

१९५० च्या सुमारास झरा आटला. ऊस वर्षभर जमीन अडवतो आणि पूर्ण वेळ पाणी मागतो, त्यामुळे पाणी गेल्यावर आधी ऊस गेला, मग एकेक चरक थांबला. शेवटचे गुऱ्हाळ १९६५ मध्ये बंद पडले. विटांच्या धुराड्यांचे काही अवशेष उरले आहेत. लोक ला पासला किंवा आणखी लांब गेले, राहिलेल्यांनी मासेमारी आणि थोडी शेती धरली. एरवी अशा गावात जुने वाडे पाडून सिमेंटची घरे होतात. इथे पाडायलाही कुणाकडे पैसा नव्हता, म्हणून ती घरे वाचली. ‘गावाने वारसा जपला’ असे माहितीपत्रकात छापतात. खरे तर गरिबीने जपला.

१९८१ च्या सुमारास झरा पुन्हा वाहू लागला. ऊस मात्र पूर्वीसारखा परतला नाही. त्याच्या जागी भाज्या, मिरची, टोमॅटो, बेसिल आणि आंबा आला. आंबा इथला नव्हेच, तो फिलिपीन्सहून मनिला-अकापुल्को मार्गावरच्या गलबतांनी मेक्सिकोत आला.

मग रस्ता आला. द्वीपकल्पाचा उभा महामार्ग १९७३ मध्ये पुरा झाला होता आणि बाहा कॅलिफोर्निया सुर ८ ऑक्टोबर १९७४ ला राज्य झाले, पण तोदोस सांतोस बाजूलाच राहिले होते. ला पास ते काबो सान लुकास हा पश्चिमेकडचा मार्ग १९ डांबरी झाला तो १९८० च्या दशकाच्या मध्याला, आणि पुढे चौपदरी. त्याच सुमाराला न्यू मेक्सिकोतल्या ताओसहून चार्ल्स स्टुअर्ट हा चित्रकार येऊन राहिला. मोठी, उजेडाची, मोडकळीला आलेली, स्वस्त घरे म्हणजे चित्रकाराला तयार स्टुडिओच. आणखी लोक आले, घरांचे पुढचे खण गॅलऱ्या झाले. फेब्रुवारीतला कला महोत्सव आणि २००४ पासूनचा चित्रपट महोत्सव या सगळ्याच्या नंतरचा. पण इथली चित्रे परदेशी माणसाने सुरू केली असे मात्र म्हणू नये. जुन्या शाळेच्या इमारतीत, आताच्या सांस्कृतिक केंद्रात, १९३० च्या दशकातली क्रांतीची भित्तिचित्रे आहेत : शेतकरी, कामगार, पुस्तके. गॅलऱ्यांच्या आधी ती पाहावीत.

परदेशी लोकांनी घरे घेतली कशी, हाही प्रश्न पडतो, कारण १९१७ च्या राज्यघटनेचे कलम २७ किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला थेट मालकी देत नाही. वाट निघाली ती बँकेच्या विश्वस्त-करारातून, ‘फिदेइकोमिसो’. कागदोपत्री मालक बँक, वापर आणि विक्रीचा हक्क परदेशी लाभार्थ्याला. १९७३ च्या कायद्यात या कराराची मुदत ३० वर्षे होती, १९९३ मध्ये ५० झाली, नूतनीकरण होते. शिवाय १९९२ मध्ये सामूहिक ‘एहिदो’ जमिनी खासगी करण्याची मुभा मिळाली. त्यानंतर किनाऱ्यालगतची शेते विक्रीला निघाली आणि गावातल्या तरुणांना गावातच घर परवडेनासे झाले.

२००६ मध्ये गावाला ‘पुएब्लो माहिको’, म्हणजे जादूचे गाव, असा दर्जा मिळाला. केंद्र सरकारची ही योजना २००१ पासूनची : दर्शनी भिंती, पदपथ, पाट्या यांना त्यातून निधी मिळत असे, बदल्यात पर्यटन. म्हणूनच मधले सात-आठ चौक नीटनेटके आहेत आणि दोन गल्ल्या पलीकडे लगेच माती लागते.

आपल्याकडचा प्रत्येक जण विचारतो ते हॉटेल कॅलिफोर्निया १९५० मध्ये उघडले. ईगल्स या अमेरिकन बँडचे त्याच नावाचे प्रसिद्ध गाणे १९७६ चे, आणि या हॉटेलशी त्याचा काही संबंध नाही असे बँडने नेहमीच सांगितले आहे. हॉटेल या समजाचा फायदा घेते म्हणून बँडने २०१७ मध्ये अमेरिकेत दावा लावला, २०१८ मध्ये तडजोड झाली. फोटो जरूर काढावा. पण त्यासाठी एक अख्खी दुपार राखून ठेवणे म्हणजे वेळ घालवणे.

ती दुपार पुंटा लोबोसला द्यावी. इथे धक्का नाही. ‘पांगा’ म्हणजे फायबरच्या उघड्या होड्या, मागे इंजिन. पहाटे गेलेल्या होड्या दुपारी एक ते तीनच्या दरम्यान परततात. होडी लाटांच्या मागे थांबते, नावाडी लाटांचा मोठा घोळका जाऊ देतो, शांत फट दिसली की पूर्ण वेग देतो आणि होडी सरळ वाळूवर चढते. शेवटच्या क्षणी इंजिन वर उचलायचे. उशीर झाला तर पंखा वाळूत रुततो, घाई झाली तर होडी मागच्या लाटेला सापडते. पाहताना बाजूला, वरच्या अंगाला उभे राहावे. होडी कुठे चढेल ते आधी सांगता येत नाही. हुआचिनांगो किंवा दोरादो मासा तिथेच विकत मिळतो, रोख पेसो आणि पिशवी आपली.

होडी अशी चढवायला वाळूचा रुंद, कलता पट्टा लागतो. म्हणूनच २०१५-१६ मध्ये शेजारी मोठा निवासी प्रकल्प आणि समुद्राच्या बाजूला भिंत उभी राहिली तेव्हा मच्छीमार रस्त्यावर उतरले. भिंतीमुळे वाळू जाईल आणि प्रकल्प गावाचे पाणी पिईल, अशी त्यांची तक्रार होती. १९५० मध्ये झरा आटल्याचे पाहिलेल्या गावात दुसरी तक्रार लोकांना लगेच पटली. आजही नळाला रोज पाणी येईलच असे नाही. घरांच्या छपरावर टाकी असते, ‘तिनाको’, आणि प्यायला वीस लिटरचा ‘गार्राफोन’ विकत आणतात. भाड्याच्या घरात शिरल्यावर टाकी किती भरली आहे हे आधी विचारावे. चार माणसांनी मोकळ्या हाताने अंघोळी केल्या की तिसऱ्या दिवशी नळ कोरडा पडतो.

पोहण्याचे स्पष्ट सांगितलेले बरे. गावासमोरचा किनारा पोहण्याचा नाही. उतार एकदम खोल, लाट पायाशीच फुटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते; गुडघाभर पाण्यातही माणूस पडतो. पोहायचे तर दक्षिणेला तेरा-चौदा किलोमीटरवर सेर्रितोस, तिथे भूशिराचा आडोसा आणि सावकाश उतार आहे. कच्च्या रस्त्यावरून वाळूत गाडी घालू नये. रुतलीच तर चाकांतली हवा कमी करून हळू बाहेर काढावी, रेस दिली की आणखी खोल जाते.

पोहोचण्याचा सोपा रस्ता सान होसे देल काबोच्या विमानतळावरून, टोलरस्ता आणि मग मार्ग १९, साधारण दीड तास. अंधार पडायच्या आत पोहोचावे, कारण रात्री गुरे रस्त्यावर येतात. गाडी भाड्याने घेताना तृतीय-पक्ष विमा सक्तीचा असतो आणि संकेतस्थळावरच्या स्वस्त भाड्यात तो बहुधा धरलेला नसतो, खिडकीवर रक्कम वाढते ती त्याने. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट : अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपलेला आणि हातात नुसते मुदतवाढीचे मंजुरीपत्र असेल, तर ते मेक्सिकोत चालत नाही. निघण्यापूर्वी वकिलातीचा ताजा नियम पाहून घ्यावा.

हंगाम नोव्हेंबर ते मे. सप्टेंबरात वादळांचे भय, उकाडा, आणि बऱ्याच गॅलऱ्या व खानावळी कुलूपबंद. गावातली शांतता तेव्हा पुरेपूर मिळते, पण पाहायला फार काही उरत नाही. हिवाळ्यात किनाऱ्यावरून करडे देवमासे दिसतात, आणि कासवांची पिल्लेही. आपल्या वेळासला येते तेच ऑलिव्ह रिडले कासव इथेही अंडी घालते, शिवाय थोडी लेदरबॅक. उशिरा घातलेल्या अंड्यांना इथल्या हिवाळ्यातली वाळू फार गार पडते, पिल्ले निघत नाहीत. म्हणून स्वयंसेवक लास प्लायितासच्या किनाऱ्यावर हरितगृह उभारून त्यातल्या उबदार वाळूत अंडी पुरतात. पिल्ले समुद्रात सोडतात ती सूर्यास्ताला, आणि डिसेंबरात इथे सूर्य साडेपाच-पावणेसहालाच मावळतो. जेवून मग जाऊ म्हणणाऱ्याला नुसती वाळू दिसते.