आजवा रोडचं रिसॉर्ट आणि "एनए झालंय"

वडोदऱ्याच्या बाहेर कुठेही, आजवा रोडला म्हणा, वाघोडियाकडे म्हणा किंवा सिंधरोटला महीच्या काठावर, रिसॉर्टचा बोर्ड लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच, "एनए झालंय का?" म्हणजे जमीन बिनशेती झाली का. झालंय म्हटलं की सगळे गप्प. जागा शहराच्या विकास आराखड्यात बसते का, हे कोणी विचारतच नाही, आणि हे आजचं नाही, बरंच जुनं आहे.

सयाजीराव महाराजांच्या काळात आजव्याचं सरोवर बांधलं आणि शहराला नळाचं पाणी मिळालं, ते सगळ्यांना माहीत आहे. १९४९ ला राज्य मुंबईत विलीन झालं आणि मुंबईचे जमिनीचे कायदे इथे आले, त्यातच १८७९ चा महसूल कायदा आणि त्याचं कलम ६५. एनए तिथून आलं. शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर कलेक्टरची परवानगी घ्या आणि त्याप्रमाणे आकार भरा, मूळ हिशेब एवढाच, म्हणजे महसुलाचा. त्या जमिनीवर पाणी कुठून वाहतं किंवा शहर कुठल्या बाजूला वाढावं हे ठरवायला तो कागद काढलेलाच नव्हता.

ते ठरवायचं काम १९७६ च्या नगररचना कायद्याचं. तो १९७८ ला लागू झाला आणि त्याच वर्षी आपलं शहरी विकास प्राधिकरण झालं. त्याच्या आराखड्यात शहराभोवतीच्या गावांना झोन आहेत, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवलेले भाग, रेसिडेन्शियल, इंडस्ट्रियल, अ‍ॅग्रिकल्चर वगैरे. गोंधळ इथे आहे म्हणून जरा थांबून सांगतो. रिसॉर्टवाल्याकडे तीन वेगवेगळे कागद असायला हवेत. झोनप्रमाणे तो वापर चालतो की नाही हे एक, एनए हे दुसरं आणि बांधकामाची रजाचिठ्ठी म्हणजे परवाना हे तिसरं. (घेणारा शेतकरी नसेल तर गणोतधाऱ्याच्या म्हणजे कुळकायद्याच्या कलम ६३ खालची परवानगी पण लागते, तो चौथा.) लोक मधला एक कागद बघतात आणि तिन्ही मिळाले असं धरून चालतात. विकणारेही तेच बोलतात कारण ऐकायला सोपं आहे.

आता झोनचं बघा. अ‍ॅग्रिकल्चर झोन म्हणजे फक्त शेती असं कधीच नव्हतं, फार्महाऊससारखे वापर कमी एफएसआयवर, म्हणजे जमिनीच्या मानाने थोड्या बांधकामात, नियमांतच बसतात. त्याच फटीतून "रिक्रिएशन" हा शब्द आत येतो. मैदान, बाग, पोहायचा तलाव हे रिक्रिएशन, मान्य. पण साठ सत्तर खोल्या, लग्नाचा हॉल, हजार माणसांचं जेवण, त्याचं सांडपाणी, रात्रीचं पार्किंग, याला पण रिक्रिएशनच म्हणायचं? आणि विकेंड व्हिला म्हणून प्लॉट पाडून विकले तर ती सरळ सोसायटी झाली, फक्त नाव रिसॉर्टचं. प्रस्ताव तपासताना नावावर जाऊ नये, रोज किती माणसं येणार, किती पाणी लागणार आणि किती जमीन पक्की होणार ते आधी विचारावं, माझं मत तरी हेच आहे आणि ते मी ठामपणे मांडतो.

टीपी स्कीमचं, म्हणजे नगररचना योजनेचं पण लक्षात घ्या. टीपी पडली की जमिनीची कपात होते, कायद्यात रस्त्यांना १५ टक्के, बागा मैदानांना ५, शाळा दवाखान्यांना ५ आणि विक्रीसाठी १५ असा हिशेब आहे, त्यातूनच शहराला जागा मिळते. शेतीच्या पट्ट्यात टीपी सहसा येतच नाही, म्हणून तिथे मोठं बांधकाम उभं राहिलं की त्याचा रस्ता, गटार, कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला) यांचा भार मागून शहरावर येतो.

२०३१ पर्यंतचा आराखडा २०१२ मध्ये मंजूर झाला. कायदा म्हणतो दहा वर्षांतून एकदा तरी तो नव्याने तपासायचा. मधे एखाद्या सर्व्हे नंबरचा झोन बदलायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम १९ खाली आराखड्यात फेरफार निघतो, आणि माझ्या मते खरा निर्णय तिथेच होतो, एनएच्या टेबलवर नाही. पण फेरफार सुटा सुटा निघतो, आज हा नंबर उद्या शेजारचा, त्यामुळे सगळे मिळून किती जमीन गेली ते एका नकाशावर कोणी बघत नाही.

हे एवढं का सांगतोय, तर पाण्यामुळे. विश्वामित्री पावागढकडून येते, आजवा भरला की सोडलेलं पाणी तिच्यातच येतं, आणि तिची कोतरं म्हणजे काठच्या घळी, भूखी कांस, रूपारेल, मसिया हे सगळं ते पाणी पसरायला आणि वाहून न्यायला आहे. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचाच्या आसपास पाऊस पडला. २०२१ मध्ये हरित लवादाने नदीचं पूरमैदान आखायला सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीवरच्या काळाघोडा पुलाला पाणी ३७ फुटांपर्यंत गेलं, धोक्याची खूण २६ ची आहे, आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत तीन दिवस लाइट नव्हती आणि खालच्या मजल्यावरचं सगळं सामान गेलं. आजव्याच्या बाजूच्या शेतावर भराव टाकून लॉन केलं तर ते पाणी कुठे जाणार, हा प्रश्न फाइलमध्ये असायलाच पाहिजे.

फेरफाराची जाहीर सूचना निघाली की लेखी हरकतीला दोन महिने मिळतात. हरकत देताना सर्व्हे नंबर घालावा, आणि शेताच्या कडेने कांस जात असेल तर पावसाळ्यातला तिचा फोटो जोडावा, कारण उन्हाळ्यात पाहणीला आलेल्या माणसाला तिथे फक्त सुकलेला खड्डा दिसतो.