कोलॅजन किती आणि मॅट्रिक्स ताठ किती: हे दोन वेगळे प्रश्न आहेत

"कोलॅजन वाढलं म्हणून ऊतक कडक झालं, आणि म्हणून पेशी बिघडल्या." विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत, सेमिनारच्या स्लाइडवर, आरोग्यविषयक लेखांत हे वाक्य सर्रास येतं. त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक म्हणजे कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचं प्रमाण, ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. दुसरी मॅट्रिक्सचा, म्हणजे पेशींभोवतीच्या जाळ्याचा ताठरपणा, तो पास्कलमध्ये मोजतात. पेशीला या दोन्ही गोष्टी कळतात, पण वेगवेगळ्या वाटांनी.

कोलॅजनबद्दल फार सांगत बसत नाही. तीन साखळ्यांचा पीळ, दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, आणि आपल्या शरीरात त्याचे २८ प्रकार, हे बहुतेकांना माहीत असतं. या तिहेरी पिळाची रचना १९५४ मध्ये मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. ती नावं न घेता कोलॅजन शिकवणं मला अजिबात पटत नाही. मॅट्रिक्समध्ये कोलॅजनखेरीज इलास्टिन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, प्रोटिओग्लायकन आणि भरपूर पाणी असतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

खरी गाठ पुढे आहे. बाजेचं उदाहरण घ्या. तेवढंच सुंभ सैल विणलं तर बाजेला झोळ पडतो, ओढून विणलं तर ती ताठ राहते. सुंभाचं वजन करून यातलं काहीच समजणार नाही. कोलॅजनचे तंतू पेशीबाहेर रचले गेल्यावर लायसिल ऑक्सिडेज नावाचं एंझाइम त्यांच्यात आडवे बंध तयार करतं. हे बंध किती आहेत, तंतू कोणत्या दिशेने लागले आहेत आणि ते आधीच किती ताणलेले आहेत, यावर ताठरपणा ठरतो. प्रमाण हा त्यातला फक्त एक घटक.

पेशी हा ताठरपणा चाचपते कसा? ओढून. इंटिग्रिन हे तिच्या पटलातलं प्रथिन बाहेर कोलॅजनला धरतं, आत टॅलिन या दुसऱ्या प्रथिनामार्फत पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना जोडलेलं असतं, आणि मायोसिन ते तंतू सतत खेचत असतं. समोरचं जाळं मऊ असेल तर ओढीबरोबर तेही सरकतं. ताठ असेल तर टॅलिनवर ताण येतो, त्याच्या घड्या उलगडतात, तिथे व्हिन्क्युलिन हे आणखी एक प्रथिन येऊन बसतं आणि पकड पक्की होते. या ताणाची वर्दी केंद्रकापर्यंत जाते: ताठ पृष्ठावर याप आणि ताझ ही प्रथिनं केंद्रकात शिरून जनुकं चालू करतात, मऊ पृष्ठावर बाहेरच राहतात. इटलीतल्या पादोवाच्या पिक्कोलो यांच्या गटाने हे २०११ मध्ये दाखवलं. प्रमाणाची आणि प्रकाराची खबर देणारी वाट वेगळी आहे. डीडीआर नावाचे ग्राही थेट कोलॅजनच्या अखंड पिळालाच ओळखतात. पीळ सुटून जिलेटिन झालं की त्यांना ते ओळखता येत नाही.

दोन्ही गोष्टी वेगळ्या काढायच्या तर प्रयोगही तसा हवा. एंग्लर आणि डिशर यांच्या गटाने २००६ मध्ये पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलवर कोलॅजनचा सारखाच लेप दिला आणि फक्त खालच्या जेलचा ताठरपणा बदलला. सुमारे ०.१ ते १ किलोपास्कलवर मूलपेशी चेतापेशींसारख्या झाल्या, ८ ते १७ वर स्नायूंच्या वाटेने गेल्या, २५ ते ४० वर हाडांच्या. कोलॅजन तेच होतं.

याउलट आपल्याकडे प्रयोगशाळांत काय चालतं? उंदराच्या शेपटीच्या कोलॅजनचं जेल करतात, मिलिलिटरला १ मिलिग्रॅमवरून ४ वर नेतात आणि 'ताठरपणाचा परिणाम' असं शीर्षक देतात. या बदलात ताठरपणा वाढतो, पेशीला धरायच्या जागा वाढतात आणि जाळ्याची छिद्रंही बारीक होतात. तिन्ही एकदम हलवल्यावर श्रेय कोणाला द्यायचं? दुसरा प्रकार मला याहून खटकतो. प्लॅस्टिकच्या डिशवर कोलॅजनचा पातळ थर द्यायचा आणि 'पेशींना शरीरासारखं वातावरण दिलं' म्हणायचं. खालचं पॉलिस्टायरीन गिगापास्कलमध्ये मोजावं लागतं, स्नायूपेक्षा लाखो पट ताठ. पेशी ओढते तेव्हा तिला जाणवतं ते प्लॅस्टिकच.

उलट बाजूने तपासायलाही सोय आहे. स्वीट पीच्या बियांतलं बीएपीएन हे द्रव्य लायसिल ऑक्सिडेजला रोखतं. या बिया खाल्लेल्या प्राण्यांत कोलॅजन तयार होत राहतं, पण बंध नसल्याने ते मिठाच्या पाण्यातही सहज विरघळतं, हाडं वाकतात, महाधमनी फुगते. (विदर्भातल्या लाखोळी डाळीशी जोडला जाणारा पायांचा लकवा निराळा, तिच्यातलं विषद्रव्य दुसरं आहे आणि ते चेतापेशींवर आघात करतं. या दोन आजारांचीही कायम गल्लत होते.) स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांत लायसिल ऑक्सिडेजला अटकाव केल्यावर ट्यूमरचं प्रमाण घटलं, हे २००९ मध्ये व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने दाखवलं.

मधुमेहात एंझाइमशिवायच बंध होतात. कोलॅजन वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे रक्तातली साखर त्याला चिकटत राहते आणि तंतू एकमेकांत जखडले जातात. डॉक्टर अशा रुग्णाला नमस्कारासारखे हात जोडायला सांगतात. काहींचे तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकतच नाहीत. वयानुसार त्वचेतलं कोलॅजन कमी होतं, तरी हे जखडणं मात्र वाढतच जातं.

ही गल्लत सगळ्यात महागात पडते यकृताच्या बाबतीत. फायब्रोस्कॅन या यकृताच्या तपासणीच्या रिपोर्टवरचा किलोपास्कलचा आकडा म्हणजे 'लिव्हरमध्ये इतका फायब्रोसिस', म्हणजे इतकं कोलॅजन साठलं, असं घरोघरी वाचलं जातं. ते यंत्र यकृतातून जाणाऱ्या लहरीचा वेग मोजतं, म्हणजे ताठरपणा. जेवणानंतर, तीव्र हिपॅटायटिसमध्ये, हृदयाच्या विकारामुळे यकृतात रक्त तुंबल्यावर किंवा पित्तमार्ग अडल्यावरही तो आकडा चढतो, आणि तेव्हा कोलॅजन वाढलेलं असेलच असं नाही. म्हणून तपासणीआधी काही तास उपाशी राहायला सांगतात. उंदरांवरच्या २००७ च्या एका अभ्यासात तर यकृत आधी ताठ झालं आणि कोलॅजन मागाहून साठलं. ताठ जाळ्यावर खेचणाऱ्या पेशी मॅट्रिक्समध्ये बांधून ठेवलेला टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक रेणू मोकळा करतात आणि त्याच्या प्रभावाने आणखी कोलॅजन तयार करतात. सुरुवातीला दिलेलं वाक्य इथे उलट्या क्रमाने खरं ठरतं. कोलॅजन प्रत्यक्ष किती साठलं ते पाहायचं असेल तर बायोप्सीचा तुकडा सिरियस रेडने रंगवावा लागतो किंवा त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलिन, म्हणजे मुख्यतः कोलॅजनमध्येच सापडणारं अमिनो आम्ल, मोजावं लागतं.