ड जीवनसत्त्वाचा हिशेब मूत्रपिंडाकडे

ठाण्यात तलावपाळीला किंवा येऊरच्या रस्त्यावर सकाळी सातला फिरणाऱ्या कुणालाही विचारा, कोवळं ऊन अंगावर घेतलं की ड जीवनसत्त्व मिळतं, असंच उत्तर येईल. चालण्याचा फायदा आहेच. पण त्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. त्वचेत ते घडवणारे यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एका प्रकारचे अतिनील किरण, सूर्य खाली असताना हवेतून तिरपे, लांबून येतात आणि वाटेत ओझोनमध्येच बहुतेक शोषले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते पुरेसे पोचू लागले, अशी एक ढोबळ कसोटी आहे. ठाणे-नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर येते. इथे मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या सुमारासच सावली एवढी आखूड होते, डिसेंबरच्या अखेरीस मात्र साडेअकरा ते दीडच्या दरम्यानच. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या काचेच्या इमारतींत टेबलावर दिवसभर ऊन आलं तरी उपयोग नाही, कारण खिडकीची काच यूव्हीबी अडवते. पावसाळ्यात ढगही त्यात घट करतात.

पण खरी महत्त्वाची गोष्ट उन्हानंतर घडते. त्वचेत तयार झालेलं किंवा गोळीतून आलेलं ड जीवनसत्त्व जसंच्या तसं फारसं काम करत नाही. आधी यकृत त्यात एक बदल करतं. रक्ततपासणीच्या रिपोर्टवर आपण जो आकडा पाहतो, तो या टप्प्यावरच्या रूपाचा. शेवटचा बदल मूत्रपिंडात होतो आणि तिथे कॅल्सिट्रायॉल नावाचं कामाचं रूप तयार होतं. केंब्रिजच्या डेव्हिड फ्रेझर आणि एगॉन कोडिचेक यांनी १९७० मध्ये हे दाखवून दिलं. मूत्रपिंडं काढून टाकलेल्या उंदरांमध्ये हे रूप तयारच होत नव्हतं. कॅल्सिट्रायॉल हा एक हार्मोन आहे, आणि शरीर त्यावर कडक नियंत्रण ठेवतं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी मूत्रपिंडाला जास्त कॅल्सिट्रायॉल बनवायला सांगतात, फॉस्फरस वाढला की हाडांतून येणारा दुसरा एक हार्मोन ते थांबवायला सांगतो.

मधुमेह किंवा रक्तदाबामुळे मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ लागतं, तेव्हा ही घडी विस्कटते. फॉस्फरस साठतो, कॅल्सिट्रायॉल कमी पडतं, कॅल्शियम खाली येतं आणि पॅराथायरॉइड ग्रंथी अखंड काम करत राहतात. त्या कॅल्शियम हाडांतून ओढून काढतात, म्हणून डायलिसिसवरच्या अनेकांची हाडं दुखतात, ठिसूळ होतात. याशिवाय एक गळती असते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. रक्तात ड जीवनसत्त्व एका प्रथिनाला चिकटून फिरतं. मूत्रपिंडाच्या गाळणीतून खाली उतरलेलं हे प्रथिन पुढच्या नलिकेतल्या पेशी पकडून परत घेतात. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली की त्यांच्यासोबत ड जीवनसत्त्वही वाहून जातं. मधुमेह असलेल्या माणसाने कितीही ऊन घेतलं तरी ही गळती उन्हाने बुजत नाही.

ड जीवनसत्त्व विषाणूंच्या तापापासून वाचवतं, असंही अनेकांना वाटतं. तो संबंध कुठे येतो? मूत्रपिंडात तो शेवटचा बदल घडवणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, आपल्या रोगप्रतिकारक पेशींकडेही असतं. जंतूची चाहूल लागली की या पेशी रक्तातलं कच्चं, म्हणजे यकृताने बदललेलं रूप उचलून स्वतःपुरतं कॅल्सिट्रायॉल बनवतात. त्याच्या जोरावर कॅथेलिसिडिन नावाचं जंतू मारणारं प्रथिन तयार होतं. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २००६ मध्ये क्षयाच्या जंतूबाबत हे उलगडलं. प्रयोगशाळेत कॅथेलिसिडिन इन्फ्लूएन्झासारख्या विषाणूंनाही रोखताना दिसतं. शिवाय कॅल्सिट्रायॉल दाह आटोक्यात ठेवायलाही मदत करतं. फरक एवढाच की या पेशींचं उत्पादन पॅराथायरॉइडच्या हुकमावर चालत नाही. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाला तयार कॅल्सिट्रायॉलची गोळी चालू असली, तरी रक्तातलं कच्चं रूप कमी असेल तर त्याच्या प्रतिकारपेशी उपाशीच राहतात.

इथवर ऐकलं की कुणालाही वाटेल, मग गोळ्या घेऊ आणि तापापासून वाचू. कोविडच्या काळात लाखो घरांत हाच विचार झाला. पण पेशीत जे दिसतं ते माणसात तपासावं लागतं. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात श्वसनमार्गाच्या संसर्गांपासून थोडं संरक्षण दिसलं, तेही मुख्यतः ज्यांच्यात कमतरता खूप होती आणि जे रोज किंवा आठवड्याला लहान मात्रा घेत होते त्यांना. एकदम मोठा डोस देऊन काही साधलं नाही. पुढे नव्या चाचण्यांची भर पडल्यावर, २०२५ च्या विश्लेषणात तो फायदा संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ब्राझीलमध्ये कोविडच्या २४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत एकाच वेळी २ लाख युनिट देऊनही रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नाही. गंभीर आजाऱ्यांमध्ये ड जीवनसत्त्व कमी आढळतं हे खरं, पण आजारातला दाहच रक्तातली ही पातळी खाली आणतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीतही अशीच अपेक्षा होती. अमेरिकेत टाइप २ मधुमेहाच्या १,३०० हून अधिक लोकांना पाच वर्षं पाहिलं गेलं. रोज २,००० युनिट घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडाची घसरण इतरांपेक्षा लक्षणीय कमी झाली नाही.

जास्तीचा धोका मात्र खरा आहे आणि मला त्याचीच सर्वांत काळजी वाटते. भारतीय प्रौढांसाठी शिफारस रोजची ६०० युनिटची. दुकानात सहज मिळणारी सॅशे ६०,००० युनिटची, म्हणजे शंभरपट. डॉक्टर ती सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरती देतात. चिठ्ठी नीट न वाचता कुणी ती रोज घेऊ लागलं, किंवा वर सहा लाखांचं इंजेक्शनही घेतलं, तर रक्तात कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखं वाटणं, ही त्याची लक्षणं. शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडात कॅल्शियम साचू शकतं आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, झपाट्याने वाढू शकतं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे गोळी बंद केल्यावरही त्रास कित्येक आठवडे चालू राहतो.

तापात मूत्रपिंडाला दुसरीकडूनही फटका बसतो. डेंग्यू किंवा फ्लूमध्ये उलट्या, घाम, न जेवणं यामुळे शरीर कोरडं पडलेलं असतं. त्यावर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आणखी कमी होतं, आणि डेंग्यूत रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. अशा तापात पाणी, ताक, पेज पोटात जात राहणं आणि तापाला ठरल्या मात्रेत पॅरासिटामॉल घेणं हे कुठल्याही सॅशेपेक्षा मूत्रपिंडाच्या जास्त कामाचं. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारावं.

कमतरता आपल्याकडे पुष्कळ आहे आणि ती भरून काढायलाच हवी. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांतून थोडं मिळतं. शाकाहारी घरांनी दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीवर ‘+एफ’ ही निळी खूण शोधावी, त्यात ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांनी ड जीवनसत्त्वाच्या महागड्या तपासणीच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन पाहून घ्यावं. या दोन्ही तपासण्या स्वस्त आहेत, आणि गळती सुरू झाली असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन ती क्रिएटिनिनच्याही आधी दाखवतं.