गोन्सालो गार्सिया, संत

संत गोन्सालो गार्सिया (सुमारे १५५७ – ५ फेब्रुवारी १५९७) हे वसईत जन्मलेले आणि जपानमधील नागासाकी येथे हौतात्म्य पत्करलेले फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिस यांच्या संघाचे) धर्मबंधू होत. भारतात जन्म घेऊन कॅथलिक चर्चच्या संतमालिकेत स्थान मिळालेले ते पहिले. हा मान पुष्कळदा केरळच्या संत अल्फोन्सा यांना दिला जातो. परंतु २००८ साली संतपद मिळालेल्या अल्फोन्सा या पहिल्या भारतीय महिला संत आहेत.

गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज व आई स्थानिक होती. वसई १५३४ पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि येथील किल्ल्यात येशूसंघीयांचे (जेझुइटांचे) मठ-विद्यालय होते. तेथे शिकलेला हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना येशूसंघीयांबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने इतकी आत्मसात केली, की सुमारे आठ वर्षे तो तेथे धर्मशिक्षकाचे काम करीत होता. येशूसंघात मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. तेव्हा त्याने व्यापार सुरू केला, त्यात चांगला जम बसवला आणि पुढे मनिला गाठून फ्रान्सिस्कन संघात धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा धर्मबंधू म्हणून दीक्षा घेतली.

त्यांच्या चरित्राची किल्ली त्यांच्या दुभाषेपणात आहे. फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने १५९३ मध्ये जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून पाठवले, तेव्हा दरबारात त्यांची वाणी झाले ते गोन्सालो. ख्रिस्ती मिशनऱ्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढला होता. तरीही या मंडळींना क्योतोमध्ये राहण्याची मुभा मिळाली आणि तेथे त्यांनी चर्च व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभारली.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मालाने भरलेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले आणि त्यावरील माल जप्त झाला. मिशनरी म्हणजे स्पॅनिश आक्रमणाची पूर्वतयारी, असा हिदेयोशीचा ग्रह या प्रकरणातून बळावला आणि डिसेंबरात क्योतो व ओसाका येथील फ्रान्सिस्कन व त्यांचे सोबती पकडले गेले. क्योतोत प्रत्येकाचा डावा कान कापण्यात आला. मग फिलिपिन्सहून वकील म्हणून येऊन निषिद्ध धर्माचा प्रचार केल्याचा आरोप लिहिलेला फलक पुढे ठेवून ऐन हिवाळ्यात त्यांची नागासाकीपर्यंत धिंड काढण्यात आली. वाटेत आणखी दोघे मिळाल्याने संख्या २६ झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि उरलेले सतरा जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते. काही तर कोवळी मुले होती. निशिझाका टेकडीवर क्रूस आधीच आणून ठेवले होते. परंपरेने सांगितले जाते, की गोन्सालो सर्वांत आधी पुढे झाले आणि ‘हा माझा का?’ असे विचारून, आपला क्रूस दाखवला जाताच गुडघे टेकून त्याला त्यांनी मिठी मारली. खिळे ठोकण्याची रीत तेथे नव्हती. हात, पाय व मान लोखंडी कड्यांत अडकवून भाल्यांनी बरगड्या भोसकल्या जात.

सव्वीसही हुतात्म्यांना १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांच्या कारकिर्दीत ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. जागतिक चर्चमध्ये त्यांचा सामुदायिक स्मृतिदिन ६ फेब्रुवारीला, त्यांच्यातीलच एक जपानी येशूसंघीय पॉल मिकी यांच्यावरून ‘पॉल मिकी व सहकारी’ या नावाने पाळला जातो. निशिझाका येथे १९६२ साली उभारलेल्या स्मारकावर सव्वीस जणांच्या कांस्यमूर्ती एका ओळीत आहेत.

गोन्सालो यांचे आश्रयदातेपण, म्हणजे एखाद्या समूहाचा कैवारी संत म्हणून मान, मात्र त्यांच्या जन्मगावापासून फार दूर, ब्राझीलमध्ये, सर्वांत अनपेक्षित रीतीने रुजले. तेथील मिश्रवंशीय ‘पार्दो’ लोकांना गोऱ्यांच्या अनेक धार्मिक बंधुसंघांत थारा नव्हता; त्यांनी ‘आपल्या रंगाचा’ संत म्हणून गोन्सालोंना निवडले. अशा वर्णाचा संत असू शकतो का, यावरच वाद होता. रेसिफे येथे १७४५ मध्ये त्यांचा मोठा उत्सव झाला, त्या वेळी झाबोआतांव नावाच्या फ्रान्सिस्कनाने प्रवचनात त्यांच्या आईच्या भारतीयत्वाचाच आधार घेऊन संताचा रंग पार्दोच असल्याचे प्रतिपादन केले. रेसिफे, रिओ दि जानेरो व सांव झुआंव देल रेय येथे त्यांच्या नावाची चर्चे आहेत.

इकडे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज निघून गेले आणि किल्ल्यातील मठ-चर्चे ओस पडली. आज वसई परिसरात गास येथील चर्च आणि वसईतील एक महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. मुंबई महाधर्मप्रांताचे ते आश्रयदाते संत आहेत. वसई मात्र १९९८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत झाल्याने त्यांचे जन्मगाव आता त्या महाधर्मप्रांताच्या हद्दीत नाही.