सराफ्याचे दोन बाजार

इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा. रात्री दुकानांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी यांच्या कढया लागतात. सराफांच्या पेढ्या कुठे गेलेल्या नसतात, पण गल्लीचा अर्थ बदललेला असतो. भीती मेंदूत कशी राहते हे समजवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. त्यासाठी एका वहिनींची गोष्ट सांगतो.

वहिनी काल्पनिक आहेत, पण इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात अशा कुणाला तरी तुम्ही ओळखत असाल. एका रात्री सराफ्याच्या गर्दीत त्यांची छाती धडधडली, हातपाय गार पडले, आता आपलं काही खरं नाही असं वाटलं. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल निघालं. (हे तपासून घ्यावंच.) पुढे त्या गर्दीत जाईनाशा झाल्या. भिशी सुटली, गणपतीतले कार्यक्रम सुटले. रात्री मुलाच्या नोकरीची काळजी, सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटेना. ‘मला घबराहट होते’ या एका इंदुरी वाक्यात त्या सगळं सांगतात. केसपेपरवर मात्र तीन नावं येतात: पॅनिक (म्हणजे घबराटीचे अचानक झटके), चिंताविकार, नैराश्य. घरचे चक्रावतात, एकीलाच तीन-तीन आजार?

खरं तर हे आजार एकत्र येणं अगदी नेहमीचं आहे. २०१५ साली १९३ मेंदू-अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. नैराश्य, चिंता, ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार), स्किझोफ्रेनिया अशा सहा वेगवेगळ्या निदानगटांत मेंदूच्या त्याच काही भागांतलं करडं द्रव्य, म्हणजे मेंदूच्या पेशींचा थर, कमी दिसलं. त्यातला एक भाग म्हणजे इन्सुला. हृदयाची धडधड, पोटातला गोळा अशा शरीराच्या आतल्या खुणा वाचण्यात त्याचा मोठा वाटा असतो. आजारांच्या नावांमध्ये आपण आखलेल्या रेषा मेंदू फारशा पाळत नाही, असा याचा अर्थ मी घेतो. वहिनींची मोघम ‘घबराहट’ इतकी मोघम नाहीच.

आजार पोसतं ते टाळणं. गर्दीतून पळ काढला की लगेच हायसं वाटतं आणि ते हायसं वाटणंच मेंदूला बक्षीस ठरतं. ‘पळालो म्हणून वाचलो’ हा धडा पक्का होतो. मग टाळता टाळता आयुष्यातलं आनंदाचं सगळंच टळतं आणि नैराश्याला जागा होते.

हा धडा पुसता येतो का? पाव्हलॉव्हने पाहिलं होतं की, अन्न न देता नुसता इशारा देत राहिलं की कुत्र्याची लाळ थांबते, पण मध्ये काही वेळ जाऊ दिला की त्याच इशाऱ्याला ती पुन्हा सुटते. जुनं शिकणं आत शाबूत असतं. भीतीचंही तसंच. अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीच्या केंद्रातला जुना धडा राहतो; त्यावर ‘इथे धोका नाही’ असा नवा धडा बसतो आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग जुन्याला दाबून धरतो. कोणता धडा कधी वर येणार हे जागा-वेळेवर ठरतं, त्यात हिप्पोकॅम्पस या आठवणींच्या भागाचा हात असतो. शटरं खाली आली तरी पेढ्या असतातच, तसं. म्हणून डॉक्टरांच्या खोलीत गेलेली भीती सराफ्याजवळच्या राजवाड्याच्या चौकात परत भेटते. त्याला उपचार फसला म्हणू नये.

बॉस्टनमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक निदानाला वेगळी थेरपी देण्याऐवजी या समान मुळाला हात घालणारी एकच पद्धत बांधली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २२३ जणांवरच्या चाचणीत ती चार वेगवेगळ्या, खास उपचारांइतकीच परिणामकारक ठरली, आणि ती अर्धवट सोडणारे कमी निघाले. यातला मला आवडणारा भाग जरा विचित्र आहे. बारीक नळीतून श्वास घ्यायचा, जागच्या जागी धावायचं, म्हणजे मुद्दाम धडधड आणायची आणि काही न करता ती ओसरेपर्यंत थांबायचं. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे व्याख्यानाने पटत नाही, छातीला कळावं लागतं.

नुसत्या बोलण्या-सरावाने मेंदूत काय होणार, असं विचारणाऱ्यांसाठी एक स्वीडिश प्रयोग आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लोकांसमोर बोलण्याची भीती असलेल्यांपैकी काहींना गोळ्या दिल्या, काहींना गटात थेरपी. ज्यांना बरं वाटलं त्यांच्या अमिग्डालाची धावपळ दोन्हीकडे कमी झाली होती. माणसं मात्र जेमतेम १८. आणि स्कॅन पाहून एखाद्याचं नैराश्य ओळखता येतं, असा दावा कुणी केला तर पाकीट खिशातच ठेवा.

वहिनींचा गृहपाठ आता सराफ्यापर्यंत आलाय. रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच आहेत. पर्समध्ये ‘असू दे’ म्हणून बाळगलेली गोळ्यांची जादा पट्टी तेवढी, डॉक्टरांनाच विचारून, घरी ठेवायची. आधी लिहायचं, ‘दहा मिनिटांत चक्कर येऊन पडेन.’ मग गर्दीत उभं राहायचं आणि खरंच पडतो का ते पाहायचं. चार रात्री झाल्यावर थेरपिस्ट म्हणाल्या, आता दिवसा जा, वेळ बदलली की मेंदूची परीक्षा नव्याने होते.

“दिवसा?” वहिनी म्हणाल्या, “मग सोनं घ्यावं लागेल.”