कॅटवुमन आणि ‘झीरो अवर’

कॅटवुमन ऊर्फ सेलिना काइल ही अमेरिकेच्या डीसी कॉमिक्समधली, मांजरीचा वेष घालून चोऱ्या करणारी व्यक्तिरेखा. १९९४ मध्ये डीसीने ‘झीरो अवर’ या कथानकात आपल्या सगळ्या चित्रकथांचा काळच मोडीत काढला, तेव्हा तिची मालिकाही त्यात ओढली गेली.

बिल फिंगर आणि बॉब केन यांनी तिला १९४० च्या ‘बॅटमॅन’ अंक १ मध्ये आणलं. जोकरही त्याच अंकातला. तेव्हा तिला वेष नव्हता आणि नाव नुसतं ‘द कॅट’ होतं. जहाजावर म्हातारीचं सोंग घेऊन ती वावरते आणि चोरलेला हार घोट्याच्या बँडेजमध्ये लपवते. शेवटी ती पाण्यात उडी मारते आणि बॅटमॅन तिला चक्क निसटू देतो. पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

मात्र तिचा भूतकाळ कधीच एका जागी ठरला नाही. १९५० मध्ये ती स्मृती गेलेली हवाई सुंदरी निघाली. १९५४ नंतर ती बारा वर्षं कॉमिक्समधून गायबच होती. दुसऱ्या एका समांतर पृथ्वीवर तिने ब्रूस वेनशी, म्हणजे बॅटमॅनशी, लग्न केलं आणि त्यांना हेलेना नावाची मुलगी झाली; १९८५-८६ च्या महासंकटाच्या कथेत ती पृथ्वीच पुसली गेली. १९८७ मध्ये ती बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या बकाल वस्तीत देह विकणारी स्त्री झाली. इतकी ठिगळं लावल्यावर कापड फाटणारच, आणि ही अवस्था एकट्या तिची नव्हती.

‘झीरो अवर’ हा त्यावरचा उतारा. डॅन जर्गन्सने लिहिलेल्या आणि रेखाटलेल्या या कथेचे पाच अंक ४, ३, २, १, ० असे उलटे मोजले होते. काळाच्या दोन्ही टोकांकडून एक पांढरी पोकळी सरकत येते आणि युगंच्या युगं गिळते. आधी एक्सटंट खलनायक वाटतो, पण खरा सूत्रधार निघतो हॅल जॉर्डन, म्हणजे एके काळचा ग्रीन लँटर्न नावाचा नायक. कथा पुढे सरकते तशी चित्रं विरत जातात आणि अखेर पान कोरं पडतं. छापील कागदालाच कथेत ओढणारी ही युक्ती मला अख्ख्या कथानकापेक्षा सरस वाटते. बाकी हा मामला प्रकाशकाच्या दिवाळीपूर्व साफसफाईचाच: शेवटच्या अंकात घडीचा लांब कालपट दिला होता, कोण कधी अवतरलं ते ठरवणारा.

या उलथापालथीत, मूळ कथेत पांगळी झालेली बॅटगर्ल धडधाकट रूपात गॉथममध्ये येते, तर जस्टिस सोसायटी या जुन्या वीरांच्या संघातले काही म्हातारे वीर मरतात. कॅटवुमनची स्वतंत्र मासिक मालिका आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये सुरू झाली होती. जिम बॅलेन्टच्या चित्रांतला जांभळा घट्ट वेष तिथलाच. तिचा १४ वा अंक या संकटाशी जोडलेला होता.

पुढच्या महिन्यात डीसीच्या जवळजवळ सगळ्या वीरकथांच्या मालिकांनी ० क्रमांकाचा अंक काढला. कॅटवुमनच्या शून्य अंकात सेलिना तेरा वर्षांची अनाथ मुलगी आहे. सुधारगृहाच्या अधिकारी बाईंची अफरातफर तिच्या लक्षात येते, तेव्हा बाई तिला पोत्यात कोंबून नदीत फेकतात, नको असलेलं मांजराचं पिल्लू फेकावं तशी. ती वाचते, परत येते आणि पुराव्याची कागदपत्रं पळवून बाईंना पेचात पकडते: शहराच्या दप्तरातून ‘सेलिना काइल’ हे नाव काढून टाका. नाव पुसलं जातं. जाता जाता ती बाईंचा हिऱ्यांचा हारही घेऊन जाते.