'ग्रीक की' का मितलाची ग्रेका? आधी पायऱ्या शोधा

मागच्या आठवड्यात मैत्रिणीने एका साइडबोर्डचा फोटो पाठवला, दारांवर पायऱ्यापायऱ्यांची, काटकोनात वळत जाणारी नक्षी, खाली लिहिलेलं 'ग्रीक की डिझाइन' (की म्हणजे इंग्रजीतली key, चावी), आणि प्रश्न काय तर घेऊ का. म्हटलं घे की, पण ते ग्रीक नाहीये बाई, मेक्सिकोतलं आहे, ओआहाकाचं.

घोळ नावातच आहे. स्पॅनिशमध्ये अशा नक्षीला ग्रेका म्हणतात, म्हणजे सरळ सरळ 'ग्रीक', आणि ओआहाकातल्या मितला गावात झापोटेक या तिथल्या मूळच्या लोकांचे जुने वाडे आहेत, त्यांच्या भिंतींवर जे आहे त्यालाही तेच नाव चिकटलं. बाकी ग्रीकांशी त्याचा काडीचा संबंध नाही.

ग्रीकवाली म्हणजे एकच रेघ, आत वळते, बाहेर येते, पुढे सरकते, बहुतेक वेळा पेन न उचलता काढता येते. मितलाच्या ओळखीच्या नक्षीत मात्र जिन्यासारख्या पायऱ्या आणि त्यांना लागून हुकासारखा आत वळलेला आकडा असा जोड असतो, तोच सुलटा-उलटा करून अख्खी चौकट भरतात. पायऱ्या दिसल्या की ग्रीक विसरा.

पण खरी गंमत नक्षीच्या खोलपणात आहे. मितलाला दगडाचे छोटे छोटे तुकडे तासून एकमेकांत असे बसवलेत की सांध्यात चुना भरायची गरजच पडली नाही, आणि काही तुकडे पुढे, काही मागे, त्यामुळे ऊन तिरकं पडलं की निम्मी नक्षी सावलीनेच काढलेली दिसते. म्हणून आजचं फर्निचर बघतानाही हेच बघायचं. पारोटासारख्या लाकडात पटाशीने नीट खोल कोरलंय, किंवा लाकडाचे ठोकळे कमीजास्त उंचीवर बसवलेत, तर मितलाची आठवण येते, मशीनने दोन मिलिमीटर खरवडलं असेल तर नाही येत. ग्रीक कीचं तसं नसतं, ती मुळात रेघ, काळ्या लाकडात पितळेची सपाट पट्टी बसवली तरी झकास दिसते (मला तर तशीच आवडते).

एक मात्र, पायऱ्या आहेत म्हणजे झापोटेकच असं नाही हं, ही पायरी-आकडा नक्षी मेक्सिकोत इतर लोकांकडेही भरपूर सापडते. विकणारा मितलाचं नाव घेत असेल तर कुठल्या भिंतीवरून घेतलंय ते विचारा.

मैत्रिणीला म्हटलं, बाजूने उजेड पडेल असा दाराचा फोटो मागव. आला. सावली कुठेच नव्हती, स्टिकर होता तो.